‘ए’ म्हणजे पाय

“माझ्या गिटारला तारा सहा, आणि तुम्ही पाठवलेल्या कागदावर रेषा दहा. बाकीच्या चार तारा मी कुठून आणू?” चारुलताने फोनवर विचारलं.

पलीकडून आधी पिल्लांचा चिवचिवाट ऐकू आला, मग दार लोटल्याचा आवाज, मग उमाकांत बोरसे. तो नवापूरच्या एका हॅचरीत अंडी उबवायची यंत्रं दुरुस्त करायचा. जेवणाच्या सुटीतच त्याला बोलायला सवड मिळे.

“मॅडम, मलाही तेच कळेना. म्हणून तर तुम्हाला पाठवलं. तुम्ही रीतसर शिकलेल्या आहात.”

“रीतसर म्हणजे सारेगमवर. असल्या रेघोट्यांवर नाही.”

“पण धून फार गोड आहे हो. ऐकली ना तुम्ही?”

तिने ऐकली होती. कुठल्याशा अमेरिकन म्हाताऱ्याने वाजवलेली ती संथ धून उमाकांतने आदल्या दिवशी पाठवली होती, आणि तिच्या मागोमाग इंटरनेटवरून उतरवलेला हा कागद. कृषी कार्यालयातल्या आपल्या टेबलाशी बसून चारुलताने डबा संपवेपर्यंत ती तीनदा ऐकली. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “अंगाई आहे का?” ती म्हणाली, “असेल.”

स्टील गिटार उभी धरून वाजवत नाहीत. मांडीवर आडवी ठेवतात, आणि तारा बोटांनी न दाबता त्यांच्यावरून डाव्या हातातली पोलादी पट्टी सरकवतात. आवाज रडवेला निघतो. नंदुरबारात हे वाद्य आणलं रेल्वेने. स्टेशनवर कुणी घोषालबाबू बदलून आले होते. त्यांची बायको ते वाजवायची. चारुलता तेव्हा शाळेत होती. तिचे वडील दोधू पाटील रनाळ्याची शेती भावाच्या हवाली करून नंदुरबारला राहायला आले होते ते मुख्यतः तिच्या शाळेसाठी, कारण पोलिओने तिचा डावा पाय गेला होता आणि रनाळ्यात त्यांच्या घरापासून शाळा लांब पडे. एकदा रेल्वे क्वार्टर्सवरून जाताना त्यांना हे वाद्य ऐकू आलं. सायकल थांबवून त्यांनी कुंपणातून पाहिलं. बाई बसून वाजवत होत्या. एवढंच त्यांना पुरेसं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते मुलीला सायकलवर पुढे बसवून क्वार्टरवर सोडू लागले.

घोषालबाई बदलून गेल्या, वडीलही गेले. चारुलता नोकरीला लागली. लग्न जमलं नाही; फारसं कुणी जमवायलाही गेलं नाही. ती धाकटा भाऊ भाग्येश, त्याची बायको रोहिणी आणि भाची निशा यांच्यासोबत राहिली. गिटार चालू राहिली. गेल्या दिवाळीत निशाने तिचं वाजवणं मोबाईलवर टिपून इंटरनेटवर टाकलं. चित्रात फक्त दोन हात, गिटार आणि साडीचा काठ. त्याच्याखाली चारजणांनी लिहिलं. त्यातला एक उमाकांत होता: ‘मी नवापूरला हेच वाजवतो. आपल्या भागात आणखी कुणी असेल असं वाटलं नव्हतं.’

असे ते बोलू लागले होते.

दहा रेषांचं कोडं चारुलतानेच सोडवलं. कागदाच्या डोक्यावर प्रत्येक रेषेपुढे एक इंग्रजी अक्षर होतं. तो त्या तारेचा सूर असणार, हे तिने ताडलं. आपली गिटार लावून तिने एकेक सूर पडताळला. चौथी, पाचवी, सहावी, आठवी आणि दहावी या रेषा तिच्या पाच तारांशी नेमक्या जुळल्या. ते वाद्यच दहा तारांचं होतं, पण ही धून बहुतेक करून या पाचांवरच फिरत होती. रेषेवरचा आकडा म्हणजे पट्टी कितव्या घरावर ठेवायची ते. तिरपी रेघ म्हणजे पट्टी सरकवायची. नागमोडी खूण म्हणजे हात हलकेच थरथरवायचा. हे सगळं समजलं तेव्हा दोघांना वाटलं, झालं काम.

मग आकड्यांना चिकटून असलेली अक्षरं आडवी आली. ‘तीन ए.’ ‘आठ ए, बी.’ मध्येच नुसता ‘ए’ आणि पुढे एक लांबलचक कंस. कुठे कुठे आणखी काही वाकडी अक्षरं.

चारुलताचा अंदाज असा की ‘ए’ म्हणजे धैवत. घोषालबाईंनी तिला इंग्रजी स्वर तसेच शिकवले होते. म्हणून जिथे ‘ए’ तिथे तिने धैवत वाजवून पाहिला. एका वरातीत दुसऱ्या वरातीचा बँड घुसावा तसं झालं.

उमाकांतचं म्हणणं वेगळं. “‘ए’ म्हणजे जोरात, ‘बी’ म्हणजे हळू. आमच्या मशिनवर असंच असतं, ए मोड, बी मोड.”

“आणि दोन्ही एकत्र असतील तर? जोरात हळू?”

तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या तोंडून गेलं, “मंग माले काय मालूम!” आणि लगेच सावरून, “म्हणजे, मला काय माहीत.”

“ऱ्हाऊ द्या,” चारुलता म्हणाली. “मी बी घरमा अहिराणीच बोलस.”

त्यानंतर मराठी मागे पडली. ‘मॅडम’ही मागे पडलं, तो ‘चारुबाई’ म्हणू लागला. ती त्याला आधी ‘भाऊ’ म्हणायची, मग काहीच म्हणेनाशी झाली. त्याची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती आणि मुलगा गुजरातेत आणंदला नोकरीला होता. हे तिला अक्षरांवरच्या बोलण्यातून मधूनमधून समजलं. तिच्याबद्दल त्याला एवढंच ठाऊक होतं की ती क्लार्क आहे आणि भावाकडे राहते.

एका संध्याकाळी ती दारात मेथी निवडत बसलेली असताना त्याचा फोन आला. तो ओरडतच होता.

“चारुबाई, ते पाय शेतस! पाय!”

“कोना पाय?”

“‘ए’ म्हंजे पाय! मीन आज व्हिडिओमा दखं. आतेलगून आपुन सगळा हातच दखी ऱ्हायनथूत. त्या बाजाले खाले पायडल ऱ्हातस. पह्यलं दाबा का ‘ए’, दुसरं दाबा का ‘बी’. पाय दाबा का एकच तार वर चढस, बाकीन्या जागावरच ऱ्हातस!”

चारुलताने मेथीची जुडी खाली ठेवली. तिला एकदम सगळं समजलं. पट्टी सरकवली की सगळ्या तारा एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात; आयुष्यभर तिने तेच केलं होतं. त्या धुनेत एक सूर शेजारच्या सुरांना जागेवर सोडून एकटाच वर चढत होता. ‘ए’ने पंचमाचा धैवत होत होता. ‘बी’ने गंधाराचा मध्यम. दोन्ही एकदम दाबले की दोघे मिळून चढत होते. म्हणूनच तिच्या हाताला ते सापडत नव्हतं.

“आनं गुडघाले बी दांड्या ऱ्हातस,” तो सांगत होता. “गुडघा इकडे सरकाडा, तिकडे सरकाडा. ती वाकडी अक्षरं तीच. डावा पायघाई दाबनं पडस. डावा. ऐकू ई ऱ्हायनं ना?”

तिने मेथीची जुडी पुन्हा उचलली.

तिला समजलं नाही असं वाटून त्याने पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. डावा पाय, मग टाच किंचित उजवीकडे झुकवली की दुसरा खटका.

“समजनं,” ती म्हणाली. “चांगलं शोधं तुम्हीन.”

फोन ठेवल्यावर तिने मेथी निवडून संपवली. डाव्या पायाला आधार देणाऱ्या लोखंडी कॅलिपरचा पट्टा गुडघ्याखाली रुतत होता. तो सैल केला.

तिला सांगता आलं असतं. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. नंदुरबारात तिला ओळखणारा प्रत्येकजण ते पाहूनच ओळखायचा. पण हा एक माणूस असा होता की त्याने तिला आधी ऐकलं होतं. त्याच्याशी बोलताना ती फक्त दोन हात आणि एक आवाज होती. ते तिला आणखी थोडे दिवस हवं होतं.

पुढे उमाकांत विचित्र प्रश्न विचारू लागला. खुर्चीची उंची किती? वाजवताना कशावर बसता? मग एकदा: “जमिनपाईन गुडघालगून कितलं भरस? टेप लाईसन सांगा बरं.”

“कसाले?”

“शे एक काम.”

तिने निशाच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली. खाटेवर बसून आधी एक पाय मोजला, मग दुसरा. दोन्हींत बराच फरक होता. तिने उजव्या पायाचं माप कळवलं.

हे रोहिणीने दारातून पाहिलं. ती आत येऊन बसली.

“आक्का, कोन शे हाऊ?”

“गिटारवाला शे. नवापूरना.”

“ते माले मालूम शे. त्याले मालूम शे का?”

“काय?”

रोहिणीने नजर कॅलिपरकडे वळवली.

“नही,” चारुलता म्हणाली.

“मंग सांगी टाका. घर यीसन दखापेक्षा आधी सांगेल बरं.”

रोहिणीचं बोलणं नेहमीच असं होतं, नीट आणि वेळेवर. चारुलताने तिचं बहुतेक वेळा ऐकलं होतं. या वेळी ऐकलं नाही.

उमाकांत एका रविवारी आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. फाटक उघडल्याचा आवाज झाला तेव्हा चारुलता पुढच्या खोलीत खुर्चीत बसली होती, गिटार मांडीवर, साडी पायांवर नीट पसरलेली. रोहिणीनेच तसं बसवलं होतं. भाग्येश दार उघडायला निघाला.

“थांब,” चारुलता म्हणाली. “मी जास.”

तिने गिटार बाजूला ठेवली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभी राहिली. डाव्या गुडघ्यावर हात दाबत, कंबरेतून झुकत, प्रत्येक पावलाला कॅलिपरचा तो लोखंडी आवाज करत ती खोली ओलांडून दारापर्यंत गेली. भाग्येशने मान खाली घातली. ओट्यावर पायऱ्यांपाशी उमाकांत ओझं खांद्यावर घेऊन उभा होता आणि त्याला हे सगळं दिसलं.

“या,” ती म्हणाली. “बठा.”

तो आत आला. ओझं उतरवलं, पण गोणपाट सोडलं नाही. रोहिणीने पाणी दिलं, ते पूर्ण प्यायला. पेला ठेवायला जागा शोधत राहिला. मग जमिनीकडे बघत विचारलं:

“कोन्ता पाय?”

“डावा.”

“लहानपनपाईन?”

“हा. पोलिओ.”

“मंग ते माप?”

“उजवानं दिधं मी.”

“माले सांगं नही तुम्हीन.”

“नही सांगं.”

भाग्येश घसा साफ करून म्हणाला, “पाहुना, च्या तं ल्या पह्यले.” उमाकांतने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. तो उठला. चारुलताला वाटलं, आता निघतो. तो गोणपाटाची सुतळी सोडू लागला.

आत लोखंडी पट्ट्यांची चौकट होती, चार पायांची, हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेली. खाली दोन खटके, शिलाई मशिनच्या पायडलसारखे, पण अरुंद. त्यांच्यापासून सायकलच्या ब्रेकच्या दोन वायर वर जात होत्या. गिटारची शेपटी जिथे यावी तिथे दोन छोट्या तरफा, तारा ओढणाऱ्या. काम सुबक होतं. दोन्ही खटके डाव्या अंगाला होते.

उमाकांत चौकटीपुढे उकिडवा बसला. एका खटक्याला बोटाने ढकलून पाहिलं.

“उजवा पायमा जोर शे ना?” त्याने विचारलं.

“शे. तोच तं शे.”

“मंग उजवाकडेच बसाडसूत. वायरले काय, इकडून बी जास, तिकडून बी जास.” आणि भाग्येशकडे वळून, “भाऊ, पाना शे का घरमा?”

भाग्येशने पान्यांचा डबा आणला. उमाकांत इस्त्रीच्या शर्टासकट फरशीवर उताणा झाला आणि चौकटीखाली सरकला. बाहेर फक्त त्याचे पाय राहिले, टाचा भेगाळलेल्या. आतून तो अमुक नंबरचा पाना मागायचा, भाग्येश द्यायचा. चहा दोनदा गरम करावा लागला.

दिवस कलताना तिने उजवा पाय पहिल्या खटक्यावर ठेवला, तार छेडली आणि खटका दाबला. पंचम हलला, कण्हल्यासारखा झाला, आणि शेजारच्या तारांना तिथेच सोडून धैवतापर्यंत चढला. तिने पाय उचलला. तो परत खाली आला. तिने पुन्हा दाबला.

“माय वं!” रोहिणी म्हणाली.

तिसऱ्या वेळी तार तुटली. उमाकांतने खिशातून दुसरी काढली. तो तारा घेऊनच आला होता.

त्या हिवाळ्यात तो वरचेवर आला. कधी स्प्रिंग बदलायला, कधी तरफ कमी-जास्त करायला, कधी नुसताच. डाव्या गुडघ्याच्या दांडीचं मात्र काही करता आलं नाही. त्या खुणा जिथे होत्या तिथे चारुलता पट्टी तिरकी धरून काम भागवायची. एका जागी तेही साधत नसे, तिथे ती तो सूर सोडून द्यायची. “सोडा नका, दुसरा टाका,” उमाकांत म्हणायचा. ती म्हणायची, “नही शे तं नही शे. दुसरा कसाले?”

शेजारपाजारचे विचारू लागले तेव्हा रोहिणीने एकदा त्याला स्वयंपाकघरात सरळ विचारलं. चारुलता पुढच्या खोलीत होती. घर लहान होतं.

“तुम्हना इचार काय शे, पाहुना? आक्काना बारामा?”

पेला ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “पोरगाले इचारनं पडी.”

त्याने मुलाला विचारलं की नाही, विचारलं तर मुलगा काय म्हणाला, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि त्या घरातल्या कुणी पुन्हा काढलं नाही. चारुलतानेही नाही. तो येत राहिला. धून होळीच्या सुमारास पूर्ण बसली.

उन्हाळ्यात हॅचरी बंद झाली. मालकाने धंदा आवरला. मुलाने आणंदला दुसऱ्या हॅचरीत त्याच्यासाठी शब्द टाकला आणि राहायला आपल्याकडेच बोलावलं. उमाकांत शेवटचा आला तो हे सांगायलाच, पण सांगितलं जेवण झाल्यावर.

“आनंदले नोकरी भेटनी,” तो म्हणाला. “पोरगा म्हनस, एकलं कितला दिन ऱ्हाशी.”

“खरं शे,” चारुलता म्हणाली.

“हाई फ्रेम आठेच ऱ्हाऊ द्या. वायरले मधमाझार तेल टाकजा.”

“टाकसू.”

मग तिने धून वाजवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्याने डोळे मिटले नाहीत, मान डोलावली नाही. यंत्र चालू करून दिल्यावर मिस्त्री जसा थोडा वेळ उभा राहून कान देतो, तसा बसला होता. सोडलेल्या सुराच्या जागी क्षणभर शांतता यायची. तिथे त्याचा हात मांडीवर किंचित उचलला जायचा.

स्टेशनवर चारुलता त्याला आपल्या स्कूटरवरून सोडायला गेली. मागे दोन जादा चाकं लावलेल्या त्या स्कूटरवर निशाशिवाय कुणी बसलेलं गावाने पाहिलं नव्हतं. मिरच्या वाळत घातलेल्या पथारीवरून जाताना दोघांना ठसका लागला. स्टेशनबाहेर स्कूटर लावून ती उतरली. त्याला वाटलं होतं ती तिथूनच जाईल.

सुरतकडची पॅसेंजर लागायची होती. तो तिकिटाच्या रांगेकडे निघाला, झपाझप. चारुलतासोबत चालणारी माणसं पाऊल आखडतं घेत. भाऊ घेई, रोहिणी घेई, ऑफिसातले घेत. आपण हळू चालतोय हे तिला दिसू नये म्हणून मध्येच काहीतरी बघायला थांबत. उमाकांतला गाडीची घाई होती. तो त्याच्या चालीने पुढे गेला. ती तिच्या चालीने मागून गेली. ती फलाटाच्या तोंडाशी पोचली तेव्हा तो दोन तिकिटं हातात घेऊन उभा होता, एक नवापूरचं आणि एक फलाटाचं.

“ल्या,” त्याने फलाटाचं तिकीट तिच्या हातात दिलं. “नहीतं टीसी इचारी.”

गाडी आली. डबा पार पुढे लागला. तो पळत गेला, दांडी धरून चढला, दारात उभा राहून मागे वळला. ती फलाटावर निम्म्यापर्यंत पोचली होती. तिने हात वर केला. त्यानेही केला. गाडी हलली.

फलाट रिकामा होत गेला. हमालांनी गाडे ओढून नेले. चारुलताने तिकीट पर्समध्ये ठेवलं, डाव्या गुडघ्यावर हात दाबला आणि बाहेरच्या वाटेकडे वळली. एका चहावाल्याने तिची चाल पाहून बाक पुसून दिला. “बसा ताई,” तो म्हणाला.

“नको,” ती म्हणाली, आणि चालत राहिली.